न चाटलेलं वासरू

आमच्या संस्थेच्या गोठ्यातल्या एका गाईच्या डाव्या कुशीला संशोधनासाठी पाडलेलं बशीएवढं छिद्र आहे आणि त्यावर रबरी झाकण. पाहुणे ते पाहून तोंड फिरवतात. मी मात्र गेली सहा वर्षं त्यातून तिच्या कोठीपोटातला रस काढते आहे. त्या रसात अब्जावधी जिवाणू असतात आणि गाय गवतावर जगते ती त्यांच्याच जोरावर. गोठा सांभाळणारे काका तिला ‘खिडकी’ म्हणतात.

मागच्या वर्षी खिडकी व्याली. आईच्या जिभेवरून वासराला बरेचसे पहिले जिवाणू मिळतात. ते मिळालेच नाहीत तर काय होतं, हे मला पाहायचं होतं. म्हणून वासरू बाहेर पडताच, तिने मान वळवायच्या आत, आम्ही ते स्वच्छ चादरीत गुंडाळून वेगळ्या खोलीत नेलं.

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” काका पुटपुटले.

नवव्या दिवशी वासरू गेलं. मी नोंद केली आणि रविवारी मुलीला घेऊन बागेत गेले. खोटं कशाला सांगू, मला फारसं वाईट वाटलं नव्हतं.

या वर्षी हगवणीने सात वासरं आडवी झाली. औषधं देऊन देऊन आम्ही हात टेकले. मग मी चौघांना खिडकीचा ताजा रस पाजला आणि उरलेल्या तिघांना तोच रस उकळून, म्हणजे त्यातले जिवाणू मारून. ती तिघं रखडत सावरली. ताजा रस घेतलेली चौघं मात्र तिसऱ्याच दिवशी उठून वैरणीला तोंड लावू लागली. मी खूश होते.

पाचव्या दिवशी सकाळी काकांनी हाक मारली.

“मॅडम, जरा इकडे या. हे काय चाललंय बघा.”

चारही वासरं आपापल्या कप्प्यात उभी राहून हवा चाटत होती. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, वरून खाली, लांब लांब. थोडं थांबायची, हुंगायची, पुन्हा चाटायची. जेमतेम तीन महिन्यांची पोरं ती, आणि त्यांत दोन तर नर, गोऱ्हे.

“क्षार कमी पडत असतील,” मी म्हणाले.

“क्षारासाठी भिंत चाटतात, मॅडम. हे नुकत्या जन्मलेल्याला चाटणं आहे. चाळीस वर्षं बघतोय मी.”

मी रक्त तपासलं. क्षार अगदी बरोबर होते. कप्पे बदलून पाहिले, चाटणं सुटलं नाही. उकळलेला रस घेतलेली तिघं मजेत हुंदडत होती. त्यांतल्या एकाने शेजारच्या, ताजा रस घेतलेल्या कालवडीकडे तोंड पुढे केलं. तिने ते हुंगलं आणि डोकं खाली घालून त्याला ढुशी मारली, गाय परक्या वासराला मारते तशी.

“चार म्हणजे काही आकडा नव्हे,” मी काकांना समजावलं. “योगायोग असतो.”

काका वैरणीची पाटी उचलून पुढच्या कप्प्याकडे गेले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. वासरांसाठी रस काढला त्या दिवशी पंप बिघडला होता. मी नळीचं टोक तोंडात धरून रस ओढून घेतला. विद्यार्थिदशेतली खोड ती, आता तिला सक्त मनाई आहे. एक घोट घशाखाली गेला. मी चूळ भरली आणि कामाला लागले.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मी कामावरून आले की ती धावत येते आणि डोकं माझ्या नाकाशी धरते. मी तिचे केस हुंगते, मगच ती मला चप्पल काढू देते. गेले दोन-तीन दिवस तो वास मला येईनासा झाला होता. सर्दी असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी घराचं दार लोटताना मात्र मला भीती वाटत होती.

ती आली. तिने डोकं पुढे केलं.

मी हुंगलं.

ती परकी होती.

कानामागचा तीळ तिचाच होता. पडलेला दात तिचाच. ही माझीच मुलगी आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझं कपाळ खाली गेलं आणि मी तिला ढुशी मारली. ती भिंतीवर आपटली.

नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. “काय गं, काय झालं?”

“पाय घसरला तिचा.”

मुलीने मला खोटं पाडलं नाही. ती रडलीही नाही. लांब उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

“आई, मी दुसऱ्या साबणाने आंघोळ करू का?”

मला तिला जवळ घ्यायचं होतं. जीव तुटत होता माझा. मी हात पुढे केला.

तो तिच्याकडे गेला नाही.

ती आत गेली. नळ सुरू झाला. मी खुर्चीत बसले होते आणि माझा हात शेजारी, गुडघ्याच्या उंचीवर, वरून खाली फिरत होता. तळव्याला ओलं अंग लागत होतं, कोमट, कुणी न चाटलेलं. त्याखाली बरगड्या हळूहळू हलत होत्या.

मी हात नाकाशी नेला.

हे माझं होतं.