वाढत्या अंगाचं

तिसरीच्या बाईंच्या वर्गात जितकी बाकं, जवळजवळ तितक्याच भाषा होत्या. शहराच्या त्या भागात कुठून कुठून माणसं कामाला येऊन राहिली होती आणि सरकारी शाळा सगळ्यांना खुली होती. मुलांचं काही अडत नसे. महिन्या-दोन महिन्यांत ती शाळेच्या भाषेत भांडायला लागत, आणि भांडता आलं की भाषा आली, असं बाई मानत. खरी पंचाईत व्हायची ती पालकांची. पालकसभेत बाई हातवारे करून करून घामाघूम होत. एकदा एका बापाला मुलाच्या खोकल्याबद्दल सांगावं म्हणून त्या खोकून दाखवू लागल्या, तर तो धावत जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

एका बाबतीत मात्र या सगळ्या घरांचं एकमत होतं. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे. थंडी पडली की वर्गाबाहेरच्या खुंट्यांवर कोट लटकू लागत, आणि एकूणएक कोट आपल्या मालकापेक्षा थोराड असे. बाह्या दुमडून दुमडून वर घेतलेल्या, खालच्या काठाला आत भरपूर कापड दाबून शिवलेलं. बाईंची स्वतःची लेक त्याच शाळेत पहिलीत होती. सापडेल ते बी-बटण खिशात साठवायची म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं होतं. तिचा लाल कोटही असाच गुडघ्याखाली लोंबणारा. पुढच्या वर्षीही होईल, म्हणून बाईंनीच घेतला होता.

त्या वर्षी सहामाहीच्या पालकसभेला बाई वर्गात शिरल्या, तर टेबलाच्या कडेला एक दुभाषी बसलेली होती. राखी स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, मांडीवर जुळवलेले हात.

"पालकांशी बोलायला आलेय," ती म्हणाली.

वरच्या ऑफिसला अखेर जाग आली म्हणायची, असं बाईंना वाटलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आपली उशीची खुर्ची तिला देऊ केली.

पहिला आला बेकरीत काम करणारा बाप. आंघोळ करून आला होता, तरी कानाच्या पाळीला पीठ राहिलंच होतं. बाई म्हणाल्या, "गुणाकारात कच्चा आहे, पण गोष्टी फार छान सांगतो." दुभाषी त्याच्याकडे झुकली आणि त्याच्या भाषेत हलक्या आवाजात बोलू लागली. ती बराच वेळ बोलत राहिली. बाईंचं वाक्य केवढं आणि हिचं चाललंय केवढं. बापाचा गुडघ्यावर ताल धरणारा हात थांबला. मग त्यानं काहीतरी विचारलं. तिनं एका शब्दात उत्तर दिलं.

दाराबाहेर खुंटीवर त्याच्या मुलाचा कोट होता. बाप त्या कोटाकडे बघत राहिला.

"काय सांगितलंत त्यांना?" तो गेल्यावर बाईंनी विचारलं.

"तुम्ही जे म्हणालात तेच."

दुपारभर असंच चाललं. बसड्रायव्हर आई आली, दवाखान्यात फरशी पुसणारा मामा आला, लाँड्रीवाली आजी आली. प्रत्येकाशी वेगळी भाषा, प्रत्येकीत तितकीच सफाई. कुणी रडलं नाही की भांडलं नाही. जाताना प्रत्येकानं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

सोमवारी बेकरीवाल्याचा मुलगा कोट घालून आला, तेव्हा बाईंना तो आधी ओळखूच आला नाही. कोट अंगाला बेतून शिवल्यासारखा बसला होता. दुमड उलगडून जास्तीचं कापड कापून टाकलं होतं. बाही बरोबर मनगटाशी संपत होती.

"कुणी केलं रे हे?"

"बाबांनी. म्हणाले, आता एवढी पुरे."

"का पण?"

मुलगा खेळायला पळाला.

त्या आठवड्यात ड्रायव्हरच्या मुलीच्या कोटाचा काठ वर गेला. मग लाँड्रीवाल्या आजीच्या नातवाच्या विजारी कापल्या गेल्या. हळूहळू खुंट्यांवर लांब बाह्या उरल्या त्या फक्त ज्यांच्या आईबापांना दुभाषी लागली नव्हती त्यांच्या. एवढी काटकसरी माणसं नवं कापड कापून टाकतात, म्हणजे काय ऐकलं असेल त्यांनी?

त्यांनी फाटकाशी बेकरीवाल्याला गाठलं. मुलाला म्हणाल्या, "बाबांना विचार, त्या दुभाषी काय म्हणाल्या होत्या." मुलानं विचारलं. बापानं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मग मयत झालेल्या घरी गेल्यावर ठेवतात तसा दुसरा हात त्यानं बाईंच्या खांद्यावर ठेवला, आणि मुलाला घेऊन तो निघून गेला.

हेडमास्तर म्हणाले, "दुभाषी? तुम्हीच शोधून आणलीत ना? मी तर सगळ्यांना सांगत होतो, बाईंनी काम केलं. एकाही पालकाची तक्रार नाही या वेळी."

थंडी संपत आली. इतर मुलांच्या बाह्यांची एकेक घडी उलगडली गेली. बेकरीवाल्याच्या मुलाची बाही अजून मनगटाशीच होती. ड्रायव्हरच्या मुलीचा काठही जिथल्या तिथे. मुलं खात होती, पळत होती, दंगा करत होती. बाई त्यांच्या मनगटांकडे बघत आणि त्यांचं शिकवण्यातलं लक्ष उडे. कुणाला सांगणार? सांगणार तरी काय?

वार्षिक पालकसभेला बाईंच्या टेबलाशी दुभाषी नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा हातवारे केले, पुन्हा घाम गाळला. पण बसड्रायव्हर आई त्यांच्या हातांकडे बघतच नव्हती. पुढच्या यत्तेबद्दल तिनं काही विचारलंही नाही.

आपल्या वर्गाचे पालक भेटून झाल्यावर बाई खारूच्या वर्गात गेल्या. सहामाहीला पहिलीच्या सरांनी तिची प्रगती चहा पिता पिता सांगितली होती. या वेळी सर म्हणाले होते, रीतसर या.

टेबलाच्या कडेला राखी स्वेटर होता.

"मला दुभाषी नको," बाई दारातूनच म्हणाल्या. "सर, आपण दोघं एकच भाषा बोलतो."

"असू द्या हो. सकाळपासून बसल्यात बिचाऱ्या," सर म्हणाले. "बसा. खारू छान आहे. बडबड जरा जास्त, पण हुशार आहे."

दुभाषी बाईंकडे झुकली.

तिच्या स्वेटरला इस्त्रीच्या गरम कापडाचा वास होता.

बाईंना उठायचं होतं. निदान कानांवर हात तरी ठेवायचे होते. हात मांडीवरून हलले नाहीत.

ती बाईंच्याच भाषेत बोलत होती. शाळेतल्या नव्हे, घरातल्या. आई ज्या भाषेत अंगाई म्हणायची, त्या.

ती बराच वेळ बोलली. समोर सर हसत, पेनाशी चाळा करत थांबून राहिले होते. त्यांना काहीच ऐकू जात नसावं.

बाईंनी एकच विचारलं.

तिनं एका शब्दात उत्तर दिलं.

"काय सांगितलंत?" सरांनी कुतूहलानं विचारलं.

"तुम्ही जे म्हणालात तेच."

बाईंनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. मग त्या बाहेर आल्या. खुंटीवर लाल कोट होता.

घरी पोचल्या तेव्हा अजून उजेड होता. बाईंनी खारूला खिडकीपाशी उभं केलं, कोट चढवला, बाहीची घडी उलगडली आणि मनगटापाशी टाचण्या लावल्या. कात्री जाड कापडात अडखळत होती.

"आई, नवा आहे ना तो," खारू म्हणाली. "पुढच्या वर्षी काय घालू मग?"

जे ऐकलं ते कुठल्याच भाषेत सांगता येण्यासारखं नव्हतं.

"हात सरळ ठेव, बाळा."

कापडाची लाल पट्टी खाली पडली. खारूनं ती उचलून खिशात घातली. मग हात लांब करून तिनं बाही न्याहाळली.

"आता बरोबर झाली?"

"हो," बाई म्हणाल्या. "आता एवढी पुरे."