पोचवणारी माणसं

नव्या शहरात जागा शोधायला निघालेलं माणूस काय विचारतं? पाणी किती वेळ येतं, बस कुठं थांबते, घरमालक तिरसट तर नाही ना. ठमी भलतंच विचारायची. "इथं एखादं म्हातारं माणूस वाट चुकलं, तर लोक काय करतात?"

जागा दाखवणारे दलाल आधी हसायचे, मग घड्याळ बघायचे. बागेसमोरच्या उंच इमारतीतला म्हणाला, "कॅमेरे आहेत ना मॅडम, सगळं दिसतं." दिसतं ते ठीक आहे, पण उठून जातं कोण? बाजारापलीकडच्या वस्तीत एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं हो." हे त्यांनी अगदी कौतुकानं सांगितलं. ठमी तिथून चहाही न घेता निघाली.

एरवी पोरगी डोक्यानं शांत. चष्म्याच्या कारखान्यात कामाला लागलेली. काच घासून फ्रेमच्या खाचेत नेमकी बसवायची, केसाइतकी चूक चालत नाही. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून वडिलांनी ठमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी "ए ठमे!" अशी हाक मारली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि आता तीच हाक ऐकायला तिचे कान आसुसले होते. कारण बाबा विसरायला लागले होते. आधी किल्ल्या, मग वार, मग घराचा रस्ता. हल्ली ते तिला आक्का म्हणायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि तिला जाऊनही आता जमाना झाला होता.

दादा, म्हणजे ठमीचा मोठा भाऊ, पार हात टेकून बसला होता. "ने तुझ्याकडे," तो म्हणाला. "पण पुन्हा हरवले ना, तर मी त्यांना संस्थेत ठेवणार. मग माझ्यापुढे रडायचं नाही." दादा वाईट नव्हता, थकला होता. ठमीनं मात्र इरेला पेटून हो म्हटलं होतं. वस्ती चुकली तर बाबा गेले, एवढं साधं होतं ते.

एका रविवारी सकाळी ती जुन्या पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत शिरली आणि, घ्या, स्वतःच हरवली. गल्ल्या सगळ्या सारख्या. बुटकी दुमजली घरं, हिरवी दारं, खिडक्यांत वाळत घातलेले टॉवेल. कुठंही वळलं तरी ती त्याच लाँड्रीसमोर यायची, आणि आतल्या इस्त्रीच्या वाफेचा तोच गरम वास नाकात शिरायचा. शेवटी गळ्यात टेप अडकवलेले एक शिंपीकाका दुकानाची पायरी उतरून आले.

"चुकलीस ना? चल, पोचवतो."

"कुठं?"

"घरी."

"अहो काका, माझं घर नाही इथं. मी जागा शोधतेय."

"हो हो," काका म्हणाले आणि तिच्या कोपराला हलकेच धरून चालू लागले. एका हिरव्या दारापाशी त्यांनी कडी वाजवली. आतून घरमालकीणबाई आल्या, पदराला हात पुसत.

"आलीस? वरची खोली झाडून ठेवलीय. खिडकीशी खुर्ची टाकलीय, बाबांना बसायला."

बाबांबद्दल ठमीनं इथं अवाक्षरही काढलं नव्हतं. कुठला तरी दलाल बोलला असेल, तिनं मनाशी म्हटलं. दलालांच्या तोंडाला कुठं कुलूप असतं? खोली छान होती. भरपूर उजेड, लाकडी जमीन, खालच्या गल्लीवर उघडणारी खिडकी. तरीही तिनं आपला प्रश्न विचारलाच.

घरमालकीणबाईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "काय करणार म्हणजे? पोचवतो की."

ठमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या वणवणीत पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं. तिनं तिथल्या तिथं खोली पक्की केली.

बाबा आले, खुर्चीत बसले, आणि ती कामावर गेल्या गेल्या बाहेर पडले. पायाला भिंगरीच होती त्यांच्या, ती घरी असतानाही निसटायचे. तिनं त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली होती, पण ती कुणी कधी उघडलीच नाही. कधी शिंपीकाका, कधी लाँड्रीवाली, कधी कुणी भलताच माणूस बाबांचा हात धरून जिन्यावर यायचा. "पोचवलं बरं का," म्हणायचा आणि उंबरठ्याबाहेरूनच परत फिरायचा. आत या म्हटलं तर कुणी येत नसे. हळूहळू ठमीचा जीव भांड्यात पडला. फोनवर ती दादाला ऐटीत म्हणाली, "बघ, एकदाही हरवले नाहीत."

मग इतर गोष्टीही पोचायला लागल्या. एके संध्याकाळी लाँड्रीवाली एक छत्री घेऊन आली. निळी, मुठीला दोरा गुंडाळलेली. "तुझीच ना गं?"

होती खरी तिचीच. पण ती छत्री ठमी शाळेत असताना हरवली होती. दुसऱ्या गावात, सहलीच्या बसमध्ये. दोरा आईनं गुंडाळला होता, आईच्याच पद्धतीच्या गाठीनं. ठमी बराच वेळ ती गाठ बघत राहिली. अशा छत्र्या खंडीभर असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली, पण छत्री काही तिनं परत केली नाही. रात्री ती उशाशी घेऊन झोपली.

समोरच्या घरात एक आजी राहायच्या. मुलगा आणि सून, दोघांना सारखी हाक मारत बसायच्या आणि हाक ऐकून कुणी आलं की ओळखायच्या नाहीत. एकदा ठमी कामावरून परतत होती. शिंपीकाका त्या आजींना हाताला धरून टाकीच्या दिशेनं निघाले होते.

"काका, अहो, आजींचं घर मागं राहिलं!"

"ते त्यांचं," काका म्हणाले. आवाजात कुठलीही घाई नव्हती. "या दुसरीकडच्या."

आजींनी ठमीकडे बघून गोड हसून मान हलवली. ठमी पुढं आली, तर समोरच्या खिडकीत आजी बसलेल्या. मटार सोलत होत्या, सुनेला तिच्या नावानं हाक मारून चिडवत होत्या, आणि सून हसता हसता डोळे पुसत होती.

जुळ्या बहिणी असतील, ठमीनं ठरवलं.

त्या आठवड्यात तिनं दुसरी जागा बघायचा विचार केला नाही असं नाही. कारखान्यातल्या एका मैत्रिणीला तिनं विचारूनही ठेवलं. पण दुसरीकडे गेलं आणि बाबा हरवले तर? दादा शब्दाचा पक्का होता. आणि खरं सांगायचं तर त्या सुनेचं हसणं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. वाईट वाटलं तिला स्वतःचंच, पण हलत नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीत बसले होते. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. ठमीनं त्यांची नखं कापली, केसांतून कंगवा फिरवला.

"आक्का, शाळा कधी सुटणार?"

"सुटेल हं आता."

"तू येशील ना न्यायला?"

"येईन की. मी नाही येणार तर कोण?"

बाबांचं समाधान झालं. ते तिचं बोट धरून बसून राहिले. हात मऊ झाला होता त्यांचा, लहान मुलासारखा. तिला त्यांची माया दाटून आली. तरीही मनात तेच एक होतं. एकदा म्हणा ना बाबा. एकदाच.

कडी वाजली.

बाहेर शिंपीकाका उभे होते. त्यांच्या हाताला धरून बाबा.

"दार उघडायला एवढा वेळ?" बाबा म्हणाले. "झोपली होतीस काय गं ठमे?"

तिनं आधी चष्मा बघितला; कामाची सवय, दुसरं काय. शिकाऊ असताना तिनं बाबांना पहिला चष्मा करून दिला होता आणि डाव्या काचेच्या कडेला टवका उडवला होता. "राहू दे, माझ्या लेकीची सही आहे ती," म्हणून बाबांनी तो बदलू दिला नव्हता. टवका जागच्या जागी होता.

तिनं वळून खुर्चीकडे बघितलं. बाबा खिडकीतून खाली बघत होते. त्यांच्याही डाव्या काचेवर, कडेला, ऊन टवक्यावर चमकत होतं.

"ठमे, अगं रडतेस काय वेड्यासारखी?" दारातले बाबा आत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. तीच टपली, तसाच हात. अंगाला साबणाचा आणि त्यांच्या जुन्या कोटाचा वास. तिनं त्यांना घट्ट मिठी मारली आणि भोकाड पसरलं.

शिंपीकाका उंबरठ्याबाहेरच थांबले होते.

"यांना पोचवायचंय," ते हळूच म्हणाले. त्यांची नजर खुर्चीकडे होती.

ठमीनं मान वर केली नाही.

"घाई नाही," काका म्हणाले. "तू म्हणशील तसं."

खुर्ची करकरली. खुर्चीतले बाबा उठले होते. धोतराच्या सोग्याशी चाळा करत, कुठं उभं राहावं ते न कळल्यासारखे ते मधोमध उभे होते. त्यांनी काकांकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"आक्का, मी जाऊ?"

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता.

तिच्या पाठीवरून दारातल्या बाबांचा हात फिरत होता. "ठमे, ठमे," ते म्हणत होते.

"जा," ती म्हणाली.

बाबा लगेच निघाले. शहाण्या मुलासारखे. काकांनी पुढं केलेला हात त्यांनी धरला. जिन्यात त्यांची पावलं वाजली, अडखळत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. मग त्यांचा आवाज आला, खूप खालून.

"आक्का येणार आहे न्यायला."

काकांनी उत्तर दिलेलं तिला ऐकू आलं नाही.

तिनं दार लावलं, चहा टाकला. बाबा चहा घेता घेता बोलत होते, सगळं आठवून आठवून. आईचं, कॉलेजच्या फाटकाचं, तिच्या पहिल्या पगाराचं. तिनं किती दिवस वाट बघितली होती याची. ती हसत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती.

मग बाबा उठून खिडकीशी गेले आणि खाली बघू लागले.

"ते आत्ता गेले ते गृहस्थ कोण गं? बघ, त्या टाकीपाशी थांबलेत. इकडेच बघतायत सारखे."

"वाट चुकले होते, बाबा."

"अरेरे," बाबा म्हणाले. "घरचे शोधत असतील बिचाऱ्याला."

"हो," ठमी म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढं करून तिनं खिडकी लावून घेतली.