सातपुत्यांचं बारसं

आडनाव दिसलं की ते सोलून बघायची मला खोड आहे. संगमनेरला कॉलेजात मराठी शिकवता शिकवता ती लागली, आणि निवृत्तीनंतर आणखीच वाढली. त्यामुळे माझ्या लेकीनं, सुकन्यानं, कर्जतकडच्या अमृत सातपुतेशी लग्न ठरवलं तेव्हा मी मुलाच्या नोकरीआधी त्याच्या आडनावाचा विचार केला. कुणा मूळपुरुषाला सात पुत्र झाले असणार, हे उघडच होतं. पण अमृत एकुलता एक मुलगा, पाठीवर एक बहीण. त्याचे वडीलही एकटे, आजोबाही एकटे. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," असं मी जावयाला चिडवायचे. तो नुसता हसायचा.

नातू झाला. बाळंतपण माझ्याकडे झालं, पण बारसं सासरीच, असा विहीणबाईंचा, पुष्पावतींचा हट्ट. आम्ही कर्जतला गेलो. गावाबाहेर ज्वारीच्या रानात त्यांचं घर. अंगणात लिंबाखाली भिंतीला लागून सहा काळे दगड ओळीनं उभे होते, माझ्या खांद्याला लागतील एवढे. कुणी तासलेले दिसत नव्हते, तरी गुळगुळीत होते.

"हे कसले हो?" मी विचारलं.

"अमृतचे भाऊ. त्याच्या बारशाला पाळन्यात घातल्याले." पुष्पावतींनी मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवला. "तवा एवढाले हुते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आडनाव सातपुते हाय, विहीनबाई. पाळन्यात सात पायजेत. देवानं एक दिला तर सहा आपन द्यायचे."

मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्या चालीची आणि आडनावाची अशी गाठ मारलेली मी कधी ऐकली नव्हती. दगडांच्या उंचीचं म्हणाल, तर सांगताना गोष्ट वाढतेच.

सुकन्याला मात्र ते सहन होईना. आतल्या खोलीत तिनं माझा हात धरला. "आई, ते दगड माझ्या बाळाजवळ नकोत."

"अगं, तुझ्याही बारशाला वरवंटा होता."

"तो एक होता. निदान तू बाळावरची नजर काढू नकोस."

मी कबूल केलं.

दुपारी बायका जमल्या. सीना नदीच्या पात्रातून आणलेले सहा लांबट दगड न्हाऊ घातले, त्यांना हिरव्या कुंच्या घातल्या, काजळाची तीट लावली. बाळालाही तशीच कुंची आणि तशीच तीट. अमृतची बहीण सविता, म्हणजे बाळाची आत्या, एकेकाच्या कानाशी वाकून नाव सांगू लागली. मारुती, कोंडिबा, सहादेव, आणखी तिघं. शेवटी ओम.

मग "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं. पाळण्याच्या एका बाजूला मी, दुसरीकडे पुष्पावती. त्या पाळण्याखालून द्यायच्या, मी वरून परत करायचे. थंडगार दगड. पुन्हा थंडगार दगड. माझी नजर ओमवर होती.

एक गाठोडं हातात आलं ते ऊन होतं. कुंचीच्या आत काहीतरी कण्हल्यासारखं झालं.

हाच ओम, असं मला वाटलं.

पण ओम पुष्पावतींच्या हातात होता. त्याची मिटलेली मूठ कुंचीबाहेर आलेली मला इथून दिसत होती. हातातलं गाठोडं मी परत केलं. त्यांनी ओमला माझ्याकडे दिलं. तो गाढ झोपला होता. जड होता, आणि गार.

सुकन्यानं त्याला ओढूनच घेतलं. कुंची काढून बोटं पाहिली, मानेवरचा तीळ पाहिला. तिचंच बाळ होतं. ती रडली, मलाही हायसं वाटलं. उन्हात ठेवलेला दगड तापणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

बाळ-बाळंतिणीला घेऊन आम्ही संगमनेरला परतलो. बाळ वाढत होतं, बसायला लागलं. रडायचं मात्र नाही. आणि "ओम" म्हटलं की वळून बघायचं नाही. डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम होते.

एका सकाळी मांडीवर घेऊन मी त्याला खेळवत होते. गंमत म्हणून बारशाची नावं घेत गेले. मारुती. कोंडिबा.

"सहादेव."

त्यानं झटकन मान वळवली आणि तो हसला.

दारात सुकन्या उभी होती. तिनं सरळ सासूला व्हिडिओ कॉल लावला.

"मम्मी, ओमच्या बारशाचे दगड दाखवा."

पुष्पावतींनी फोन अंगणात नेला. भिंतीशी सहा छोटे दगड ओळीत होते. कुंच्या अजून अंगावर होत्या. त्या आता तोकड्या पडत होत्या.

सुकन्यानं फोन तोंडाजवळ धरला.

"ओम."

माझ्या मांडीवरचं बाळ पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिलं. पलीकडे चित्र हललं आणि पडद्यावर नुसता लिंबाचा पाला दिसू लागला.

मग पुष्पावतींचा आवाज आला, अगदी मायेचा.

"आनिक एकदा मार गं हाक. वळतोय त्यो."