चौथा ठोका टाचेचा

सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी इर्मा टिलमन घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि मिठात उकडलेल्या शेंगांची पिशवी गाडीत टाकायची आणि कोल्टर गावाबाहेरच्या वळणावर जायची. वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले, डॉक्टरांनी उन्हात हिंडायला मनाई केलेली. तरी गेल्या अकरा वर्षांत तिनं एकही खाडा केला नव्हता.

वळणावर एक दगड आहे. सनी बॅस्कम तिथं गाडीच्या अपघातात गेला, १९५७ साली, दुपारी चार वीसला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. रॉक अँड रोल नुकतं कुठं रांगायला लागलं होतं तेव्हाचा हा गाणारा. त्याच्यासाठी वेडी झालेली माणसं कुठून कुठून मिसिसिपीत येतात. आधी तो जन्मला ते दोन खोल्यांचं घर बघतात, मग त्याची रेकॉर्ड झाली ती इमारत, जिथं आता टायरचं दुकान आहे, आणि शेवटी हे वळण. चार वीसला गाड्यांची इंजिनं बंद करायची, दगडाभोवती उभं राहायचं आणि एकानं मोठ्यानं मोजायचं. एक, दोन, तीन. चार तोंडानं म्हणायचा नाही, सगळ्यांनी मिळून टाच आपटायची. त्याचं ते गाजलेलं गाणं तसंच सुरू होतं. वाद्यं वाजायच्या आधी एक हसरा आवाज तीनपर्यंत मोजतो आणि चौथा ठोका टाचेनं देतो. लोक समजतात, तो आवाज सनीचा.

तो आवाज ओझेलचा होता. ओझेल म्हणजे इर्माचा थोरला भाऊ, सनीच्या मागं बसून पियानो वाजवणारा. चर्चमध्येसुद्धा तो असाच मोजायचा. मोच्याकडून डाव्या बुटाच्या टाचेला त्यानं मुद्दाम लोखंडी नाल मारून घेतली होती, आणि ती लाकडी फळीवर आपटली की पाद्रीबुवा दचकून डोळे वटारायचे.

त्या दिवशी दुपारी ओझेल सनीच्या गाडीतून निघाला, तेव्हा चौदा वर्षांची इर्मा ओसरीवर उभी होती. तो मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता. काळा आणि गोरा शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर रस्त्यात कुणी अडवलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस वेचायला आलेल्या बायकांना तो त्याच वळणावर, रस्त्यापलीकडच्या चरात सापडला. शेरीफच्या कागदावर लिहिलं गेलं, 'अनोळखी काळा इसम, रात्री वाहनाने उडवला'. आणि सनीच्या कागदावर, 'गाडीत एकटाच'. तेवढ्यावर बासष्ट वर्षं भागली.

गेल्या हिवाळ्यात कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं दगडाचा कोपरा उडवला. नवा दगड येणार होता. सोमवारी कारागीर अक्षरं कोरायला घेणार होता. इर्माला त्यावर दोन शब्द हवे होते, भावाचं नाव आणि आडनाव. पुन्हा दगड बदलेपर्यंत ती काही राहणार नव्हती, आणि ती गेल्यावर ओझेलचं नाव घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण स्मारक मंडळाचा अध्यक्ष होता वेंडेल लॅथम. वय एक्क्याऐंशी, कडक इस्त्री, साखरेत घोळलेली जीभ. तो चार वर्षं एकच सांगायचा, "पुरावा आणा, मिस इर्मा. मी स्वतः त्या दिवशी इथं होतो. गाडीत सनी एकटाच होता."

वेंडेल तिथं होता खरा. लॅथमांचा धंदा अंत्यविधीचा. त्या काळी तिकडं प्रेत नेणारी गाडी आणि जखमींना नेणारी गाडी एकच असायची, अंत्यविधीवाल्यांची. गोऱ्यांसाठी गोऱ्यांची, काळ्यांसाठी काळ्यांची. त्या दिवशी गोऱ्यांची गाडी एकोणीस वर्षांच्या वेंडेलनं आणली होती.

या वर्षी तीसेक माणसं आली होती. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंच्या कापसावर पानं गळवायचं औषध मारलेलं होतं आणि त्याचा सडक्या कोबीसारखा वास हवेत बसून राहिला होता. वारा नव्हता. बेल्जियमहून आलेली एक जोडी, दोघांचे शर्ट एकसारखे, इर्माच्या खुर्चीपाशी आली.

"तुम्हीही सनीच्या चाहत्या का?" बाईनं विचारलं.

"नाही बाई. मी बहीण."

"सनीची?" ती बिचारी हरखून गेली.

"माझ्याकडे बघून सनीची वाटते का मी?" इर्मानं शेंगांची पिशवी पुढं केली. "मोजणाऱ्याची बहीण. घ्या, गरम आहेत."

त्या दोघांना काही कळलं नाही. शेंगा मात्र त्यांनी टरफलासकट चावल्या.

चार वीस झाले. इंजिनं बंद झाली. वेंडेलनं हॅट काढून छातीशी धरली आणि टेक्सासहून आलेल्या एका जाड्या माणसानं मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. तीस टाचा एकदम खडीवर पडल्या.

आणि मग, सगळ्यांचे पाय जमिनीवर टेकलेले असताना, आणखी एक ठोका पडला.

तो दगडाकडून आला नाही. रस्त्यापलीकडच्या चरात, पाणी वाहून जायला रस्त्याखालून पत्र्याचा नळा घातलेला आहे, तिथून आला. पत्र्यावर लोखंड आपटावं तसा. एकच.

इर्मा तो अकरा वर्षं ऐकत होती. पहिल्या वर्षी तिला घाम फुटला होता. नंतर मात्र तेवढ्यासाठीच ती येऊ लागली. तिच्याशिवाय कुणालाच तो ऐकू यायचा नाही, आजही कुणी मान वळवली नाही. जाड्या डोळे पुसत होता, बेल्जियमची बाई फोटो काढत होती.

पण वेंडेलची मान हलली. जराशीच, चराच्या दिशेनं, आणि लगेच सरळ झाली. चोराच्या मनात चांदणं. इर्माच्या हातातली शेंग हातातच राहिली. दरवर्षी ती चराकडं बघत बसायची, त्यामुळं या माणसाकडं बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. म्हणजे हासुद्धा ऐकत होता, इतकी वर्षं.

लोकांनी रिवाजाप्रमाणं गिटार वाजवायच्या छोट्या पट्ट्या दगडावर ठेवल्या आणि तळलेले मासे खायला ते गावात गेले. पाऊण तास धूळ उडत राहिली, मग बसली. वेंडेल कॉफीच्या रिकाम्या डब्यात पट्ट्या गोळा करत होता. त्या त्याच्या अंत्यविधीच्या दुकानात काचेमागं लागायच्या.

"मिस इर्मा, ऊन फार आहे. घरी जा तुम्ही."

"जाते. एक विचारायचं होतं, मिस्टर वेंडेल."

"ते मंडळापुढं झालंय सगळं..."

"मंडळाला ऐकू येत नाही हो. तुम्हाला येतं."

तो वाकलेला होता तसाच राहिला. डब्यातल्या पट्ट्यांचा आवाज थांबला.

"काय ऐकू येतं?" तो म्हणाला.

"मघाशी मान कशाला वळवलीत? तिथं काय होतं?"

"माशी होती."

"बासष्ट वर्षं जगणारी माशी मी नाही बघितली." इर्मा उठली. गुडघे करकरले. रस्ता ओलांडून ती चराच्या काठावर जाऊन उभी राहिली. "इथं पडला होता तो. रात्रभर. आमच्या आईनं त्याचे बूट घरी आणले तेव्हा डाव्या टाचेची नाल झिजून वाकडी झालेली होती. रस्त्यावरच्या धडकेत नाल अशी झिजते का? तुमचा तर धंदाच मढ्यांचा. तुम्ही सांगा."

वेंडेलच्या इस्त्रीच्या शर्टावर काखेपासून ओल पसरत चालली होती.

"मला तुमची माफी नको," इर्मा म्हणाली. "तिचं लोणचं घालू का मी? मला दगडावर दोन शब्द हवेत. तो इथं होता, एवढंच म्हणा. तुम्ही त्याला टाकून गेलात असं मी कुणाला सांगणार नाही."

"टाकून नाही गेलो!" वेंडेल एकदम ओरडला. "त्याची गाडी येणारच होती, मिस इर्मा!"

मग त्यानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द सुटला होता.

"कुणाची गाडी?" इर्मानं हळूच विचारलं.

वेंडेलच्या हातातून डबा निसटला आणि पट्ट्या खडीवर पसरल्या.

"काळ्यांची... पॅटर्सनची गाडी," तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "मी त्याला म्हटलं, पोरा, पडून राहा, तुझी गाडी येतेय. तो माझ्याहून मोठा होता, तरी पोरा म्हटलं मी. तसंच म्हणायचे तेव्हा... मी बापाला सांगितलं, पॅटर्सनना फोन करा. बाप म्हणाला, करतो."

"केला?"

वेंडेलनं मान हलवली. नाही.

"आणि तुम्ही?"

"मी विचारलं नाही... त्याचा पाय त्या नळ्याला लागलेला होता. आम्ही सनीला आत घातलं, दार लावलं, निघालो, तरी तो वाजवत होता. कुणीतरी थांबावं म्हणून वाजवत होता. सनी तर जागेवरच गेला होता. मी मेलेल्याला घेऊन गेलो, मिस इर्मा... जिवंत माणूस इथं होता."

इर्मानं आयुष्यभर या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते ऐकल्यावर तिला आनंद झाला नाही. सडक्या कोबीचा वास एकाएकी नाकात भरला होता. चौदा वर्षांची ती त्या रात्री काय करत होती? ओझेलसाठी झाकून ठेवलेल्या ताटावरच्या माश्या हाकत जागी होती. दोन मैलांवर.

"सोमवारी हे सांगाल?" तिनं विचारलं.

वेंडेलनं ओठ चाटले. नजर फिरवली. आणि इतकं सगळं बोलून झाल्यावरही तो जुना, गोड आवाज त्याच्या तोंडी परत आला. "हे बघा, माझी नातवंडं आहेत... आडनावाचा प्रश्न आहे. तुमच्या-माझ्यात राहू दे हे. पुरावा तर काहीच..."

चरातून ठोका आला. पत्र्यावर.

मग दुसरा. मग तिसरा.

चौथा आला नाही. दोघं वाट बघत राहिले. चौथ्याच्या जागी नुसती पोकळी होती आणि ती संपत नव्हती. वेंडेलचा चेहरा राखेसारखा झाला. "थांब म्हणावं त्याला," तो पुटपुटला, "थांब म्हण..." आणि दगडाला पाठ घासत खाली बसला. डावा हात गळून मांडीवर पडला. तोंड वाकडं झालं.

इर्माला त्याचा राग होता, पण मरणाऱ्याला टाकून जायची त्यांच्या घरची रीत नव्हती. तिनं गाडीतून फोन काढला. त्या वळणावर फोन लागत नाही हे तिला माहीत होतं, तरी ती हात उंचावून फिरली, गाडीच्या टपावर फोन धरून बघितला. काही उपयोग झाला नाही. गावात जाऊन माणसं आणावीत म्हणून तिनं किल्ली फिरवली, आणि त्याच वेळी लांबून भोंगा ऐकू आला.

पांढरी रुग्णवाहिका वळणावर येऊन थांबली. एक तरुण मुलगी आणि एक दाढीवाला माणूस स्ट्रेचर घेऊन उतरले. दोघांनी वेंडेलला उचललं, तोंडावर हवेचा मुखवटा लावला, आत सरकवलं. त्याचे डोळे उघडे होते आणि ते चरावर खिळले होते.

"मॅम," मुलगी इर्माकडं वळली, "दुसरा पेशंट कुठं आहे?"

"कोण दुसरा?"

"फोनवर दोन सांगितलेत. एक दगडापाशी, एक पलीकडच्या चरात." तिनं हातातल्या यंत्रावर बघितलं. "तुम्हीच केला ना फोन?"

"माझा फोन लागतच नाही, पोरी."

"पुरुषाचा आवाज होता म्हणे. नाव विचारलं तर काही सांगेना, नुसता मोजत होता." मुलीनं खांदे उडवले. "चार वीसला आला होता फोन. अठ्ठावीस मैलांवरून यायचं, उशीर झाला. सॉरी."

चार वीसला वेंडेल हॅट छातीशी धरून धडधाकट उभा होता.

मुलगी चरात उतरली. गवत बाजूला करत नळ्यापर्यंत गेली, आत दिव्याचा झोत टाकला आणि हात झटकत वर आली. "कुणी नाहीये. गवत दबलंय तेवढं. हरीण बसलं असेल."

"मागचं दार जरा उघडं ठेवा," इर्मा म्हणाली.

"का?"

"ठेवा. म्हातारीचं ऐका."

मुलीला काय वाटलं कोण जाणे. ती दाराला हात लावून क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात रुग्णवाहिकेचा मागचा भाग खाली बसला, कुणी वजनदार माणूस पायरीवर पाय देऊन आत चढावा तसा. आणि पुन्हा वर आला नाही.

आत मुखवट्याखाली वेंडेल ओरडत होता. मुखवट्यावर आतून नुसती वाफ धरत होती. त्याची मान आता चराकडं नव्हती, शेजारच्या रिकाम्या बाकाकडं वळलेली होती.

"घाबरलेत आजोबा," मुलगी म्हणाली. तीही आत चढली आणि तिनं दार लावून घेतलं.

गाडी निघाली. भोंगा सुरू व्हायच्या आधी, बंद दारातून, लोखंडी तळावर टाच आपटल्याचा एक ठोका इर्माला स्पष्ट ऐकू आला. चौथा.

इस्पितळ अठ्ठावीस मैलांवर होतं. इर्मानं खुर्ची घडी केली, खडीवर सांडलेल्या पट्ट्यांवरून पाय देत ती गाडीपाशी आली, आणि चराकडं न बघता घरी गेली. पुढच्या वर्षी ती तिथं गेली, तेव्हा तिला काहीच ऐकू आलं नाही. वेंडेल अजून आहे. त्याला बोलता येत नाही, हात हलत नाहीत. नव्या दगडावर एकट्या सनीचंच नाव आहे. वेंडेलची सून सांगते, दिवसभर तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर डावी टाच आपटत असतो, तीन वेळा, आणि मग दाराकडं बघत थांबतो.