तांतीने दिलेली ओळ

इस्मेने कोट काढला नाही. लंडनमधलं ध्वनिमुद्रणाचं ते तळघर मार्चातही गारठलेलं होतं. भिंतींना पोती ठोकलेली, आणि तबकड्या काढणाऱ्या हॅडनसाहेबाचा चहा फितीच्या यंत्रावर निवत पडलेला. सकाळचे अकरा वाजले होते.

"तबकडीवर तुझं नाव 'रोझी पाम'," हॅडन म्हणाला. "आणि उच्चार आमच्यासारखे कर. तुझं ते गावठी बोलणं इथं कोण ऐकणार?"

"नाव माझंच राहील, बोलीही. ग्रेनाडाहून येताना जीभ बोटीत विसरले नाही मी."

"आज जमलं नाही, तर या शहरात तुला कुणी उभं करणार नाही."

जाड तारांचं बास वाजवणारा कटबर्ट त्रिनिदादचा. तारा जुळवत तो पुटपुटला, "पोरी, साहेबाला चहासुद्धा निवलेला चालतो. तू तर उकळतेयस."

पाच वर्षं ती दुसऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून गायली होती. या तबकडीसाठी जीव टांगणीला लागला होता. तरी ती आपल्याच बोलीत गायली. ग्रेनाडातल्या तिच्या गावच्या, गुयाव्हच्या, मासे विकणाऱ्या बायकांचं गाणं, तिनेच रचलेलं.

फीत ऐकली, तर प्रत्येक ओळीआधी कुजबुज. हॅडनने दार तपासलं, माइक बदलला. "मध्ये कोण बोलतंय?" कटबर्टने दोन्ही हात वर केले.

ती पुन्हा गायली. या वेळी फितीवर कुजबुज नव्हती. स्वच्छ आवाज होता, म्हाताऱ्या बाईचा, सपाट. पुढची ओळ आधी बोलून दाखवणारा.

इस्मेने तो लगेच ओळखला. गुयाव्हच्या प्रार्थनाघरात वाचता येणारी एकटी तिची मावशी, तांती युलाली. ती ओळ बोलायची, मग सगळे गायचे. दिलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. ज्याला ऐकू आली त्याने उचलायची, हा तिथला नेम. तांती गेली तेव्हा इस्मे बोटीवर होती. मातीलाही पोचली नाही, हे तिला अजून खुपत होतं.

"हे पुसतो मी," हॅडन ओरडला. "आता नीट गा, नाहीतर चालू लाग!"

"नाही गाणार. तांतीची ओळ मी बदलत नसते."

फीत फिरतच होती. गाणं संपलं.

मग एक ओळ आली, जी इस्मेने रचलीच नव्हती.

"नाव माझं दर्यावरती, कोण मला खोडील?"

इस्मेचे ओठ सवयीने उघडले. कटबर्टने दंड दाबून तिला थांबवलं.

गायला हॅडन.

सूर पक्का. शेवटचा शब्द अर्धा गिळलेला, गुयाव्हच्या बायका गिळतात तसा. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. डोळे फाटले. आवाज येतच राहिला.

ओळ पुरी झाल्यावर इस्मे उठली आणि तिने यंत्राचं बटण बंद केलं.

"तबकडीवर नाव इस्मे बॅप्टिस्ट," ती म्हणाली.

हॅडनने होकारार्थी मान हलवली.

फितीची चाकं थांबली.

तांतीने पुढची ओळ दिली.