पाच सूर, मग तीन

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

ही घटना खरी आहे. गेल्या मार्चमधली, मुकुंदवाडीतली, भर दुपारची. माझ्या मावसबहिणीच्या, सोनियाच्या घरात घडलेली.

सोनिया घरीच मुलांना पियानो शिकवते. विजेवर चालणारा, साधाच. तिची आई, म्हणजे माझी सरूमावशी, पाचोडहून तिच्याकडं राहायला आली आणि तिलाही शिकायची हौस आली. मेजर स्केल. आपले सा ते वरचा सा, एवढंच.

आता सूर आठ आणि बोटं पाच. म्हणून तिसऱ्या सुरानंतर अंगठा बोटांखालून चौथ्यावर न्यायचा असतो. मावशी ऐकेल तर शपथ. "अंगठा कशाला दडवायचा?" म्हणायची. पाची बोटं संपवायची, मग हात उचलायची. बांगड्या वाजायच्या. मग उरलेले तीन सूर. वर लेकीलाच विचारायची, "मॅडम, बराबर हाय का?"

एकदा मुलं फिदीफिदी हसली. सोनियाला लाज वाटली.

"आई, तुझ्यानं नाय व्हायचं. ऱ्हाऊ दे."

मावशीनं पदरानं पट्ट्या पुसल्या आणि उठून आत गेली. नंतर तिनं पियानोला हात लावला नाही.

महिन्याच्या आत ती झोपेतच गेली.

माफी मागायची राहूनच गेली. तेरावं झालं तरी सोनियाला घास गोड लागेना. शिकवणी बंदच होती.

त्या दुपारी लाईट गेलेली. सोनिया घरात एकटीच, भांडी लावत होती.

आणि...

बाहेरच्या खोलीत पाच सूर वाजले.

तिला वाटलं, एखादं मूल आलं असेल. पण दाराला आतून कडी होती.

मग बांगड्या...

मग तीन सूर.

ती धावत बाहेर आली. खोलीत कोणी नव्हतं. पियानोची वायर तिनं स्वतः गुंडाळून कपाटात ठेवली होती.

तरी पुन्हा सुरू झालं. सा... रे... ग...

सोनिया भ्यायली, पण त्याहून जास्त तिला भरून आलं. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं आता बोलून टाकायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. पण रोज शिकवून शिकवून जिभेला सवयच तशी झालेली. तोंडून भलतंच निघालं.

"अंगठा खालून घे, आई."

सूर तिथंच तुटले.

बांगड्यांचा आवाज आतल्या खोलीकडं गेला... आणि थांबला.

त्यानंतर आजतागायत काही नाही.

सोनिया आता रोज दुपारी त्या पियानोजवळ बसून असते. "तुला जमंल तसं वाजव," म्हणते. "म्या काय बोलणार नाय."

मीही परवा तिच्याजवळ बसले होते. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.