थोरल्यांच्या मापाचा सेट

धाकटे जावई त्या दिवशी घरातून निघाले ते गाडीच्या चाकांत हवा भरायला. खरं सांगतो, मनात दुसरं काहीच नव्हतं. पण पंपाला लागूनच जुन्या गोल्फ सेटचं दुकान, आणि काचेमागे उभी ती आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या गोल्फकाठ्या. फोर आयर्नपासून पिचिंग वेजपर्यंत सातच्या सात. ओळखायला वेळ कशाला लागतोय! अकरा वर्षं ज्याच्यावर जळलात, त्याच्या वस्तू डोळे मिटूनही ओळखू येतात.

थोरले जावई, म्हणजे ह्यांचे साडू, चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले होते. उंच, देखणा गडी. क्लबात दोघंही गोल्फ खेळायचे, पण चषक दर वर्षी त्यांचा, आणि सासरी जेवणाच्या टेबलावर कौतुकही त्यांचंच. धाकट्यांची बायको तर "भावोजींचा शॉट बघितलात का?" म्हणताना अशी खुलून हसायची, की ह्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वावगं काही नव्हतं हो त्यात. एवढंच, की ते हसू ह्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. साडू गेले तेव्हा सगळ्यांबरोबर हेही रडले, आणि घरी येऊन गाढ झोपले.

आणि आता मेव्हणीने सेट विकला तोही परक्या दुकानात. आपल्याला साधं विचारलंसुद्धा नाही!

दुकानदाराने सेव्हन आयर्न त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा. सगळ्यांचा फेस, म्हणजे चेंडू लागतो ती बाजू, नाण्याएवढ्या जागेतच झिजलाय. चेंडू कधी इकडचा तिकडे लागला नाही. काय हात असेल!"

"माहीत आहे. बांधा."

दुकानदाराने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बांधतो की. पण हा सेट त्या माणसाने स्वतःच्या मापाने करून घेतलाय. तुम्ही जरा... म्हणजे, दांडे कापून देतो. तासाभराचं काम."

"कापायचे नाहीत!" धाकटे एवढ्याने ओरडले की स्वतःच दचकले. "त्याचे होते तसेच हवेत मला."

"बघा बुवा. माप कुठेतरी जुळवावंच लागतं. दांड्याचं नाहीतर..."

"नाहीतर काय?"

 दुकानदाराने बॅगेची चेन लावली. आतून ओलसर चामड्याचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास आला. थोरले मनगटाला तेच तेल चोळायचे.

पहिले सात दिवस हसं झालं. चेंडू झुडपात, चेंडू पाण्यात. आठव्या दिवशी संध्याकाळी सरावाच्या मैदानावर चिटपाखरू नव्हतं, आणि आवाज आला... टक्क. एकच, कोरडा, स्वच्छ. चेंडू सरळ वर चढला आणि दिसेनासा झाला. धाकट्यांच्या तळहातांना काही जाणवलंच नाही. जणू फटका त्यांनी मारलाच नव्हता.

त्याच आठवड्यात त्यांची पँट आखूड झाली. धोब्यावर खापर फोडलं. दाढीच्या आरशापुढे वाकावं लागायला लागलं, तेव्हा म्हणाले, खिळा ढिला झाला असेल. अंगाला निलगिरीचा वास येई, साबणाने जात नसे.

एकदा क्लबातला कोच मागून आला आणि जागीच थबकला. "कोण... तुम्ही होय! पाठमोरं बघून तुमचे साडूच वाटले मला."

एखादा शहाणा तिथेच बॅग टाकून पळाला असता. ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या!

शेवटी क्लबातला वार्षिक सामना झाला, आणि चषक धाकट्यांनी मारला. भर दुपारी ते जिना चढले. एका हातात बॅग, दुसऱ्यात चषक, म्हणून किल्ली न काढता कोपराने बेल दाबली. बायकोने दार उघडलं. चषक पाहिला, मग मान वर करून ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसली. तेच, खुललेलं. धाकट्यांचा ऊर भरून आला.

"या ना भावोजी," ती बाजूला सरत म्हणाली. "ह्या वेळीही तुम्हीच ना? मला ठाऊकच होतं."

"अगं... मी आहे..." पण घशातून आवाज निघाला तो खर्जातला, परका.

"बसा हो. हे यायचेत अजून. हरले असतील, येतील तोंड पाडून. चहा टाकते."

गेलेल्या माणसाला कुणी चहा विचारतं का? पण ती सहज विचारून आत गेली. धाकटे बसले. भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी पोटात उठली ती तीच जुनी जळजळ. माझ्याशी ही कधी अशी बोलली?

जिन्यात पावलं वाजली. थकलेली, पाय ओढत येणारी... दारापाशी थांबली.

"आलेच बघा हे," बायको आतून म्हणाली. आवाजातलं हसू पार गेलं होतं.

धाकट्यांनी घाईघाईने खिसा चाचपला. घराची एकुलती एक किल्ली त्यांच्या मुठीत आली. आणि बाहेरून कुलपात किल्ली फिरली.